दहा वेळा ओढलेला धूर

साहेब, हा डाग माझ्या गाडीनं काढलेला नाही, तुम्ही काढलाय — भिकनच्या ओठांपर्यंत आलं आणि दातांना धडकून परत आत गेलं. त्याच्या तळहातावर कागदाची एक गोल चकती होती. रुपयाएवढी, टीपकागदासारखी मऊ, आणि मधोमध काळा ठिपका. नीट काळाही नाही… कडेला राखाडी, आत जावं तसा तव्याच्या पाठीसारखा. अंगठा लागला तर पसरेल, आणि पसरला तर म्हणतील पुरावा बिघडवला. म्हणून हातावर पाखराचं पिल्लू बसवल्यासारखा तळहात उघडा धरून तो टेम्पोच्या पायरीवर बसला होता. मार्चमधलं अकराचं ऊन. आरटीओ कचेरीच्या मैदानात गाड्यांची रांग, लिंबाखाली एजंटांच्या खुर्च्या, आणि त्याच्या हातावर हा एवढासा ठिपका — ज्याच्यात त्याचं सगळं घर मावलं होतं.

तुम्ही म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाही धड ठरवता येत नव्हतं. चकती हातावर ठेवून पुढच्या गाडीकडं वळलेला, गाड्या तपासणारा निवृत्ती, की निवृत्तीच्या हातात धूर ओढायची नळी देणारा वरचा साहेब, की मुंबईला पंख्याखाली बसून ज्यानं लिहिलं की परराज्यातून आलेल्या गाडीचा धूर तपासल्याशिवाय तिला इथला नंबर देऊ नये, तो… धूर काय शीव ओलांडताना काळा होतो? नऊ वर्षं ही गाडी सुरतेत फिरली. सापुताऱ्याच्या चौकीपर्यंत तो गुजरातचा धूर होता, त्याला कुणी नाव ठेवलं नाही. दांडकं वर झालं, गाडी चार हात अलीकडं आली, आणि तोच धूर परका. माणसांचंही तुम्ही असंच करत आलात. शिवेच्या आतली वेगळी, शिवेबाहेरची वेगळी. फक्त आता त्याचा छापील फॉर्म केलात.

यंत्र तसं साधं होतं. सायकलच्या पंपासारखी नळी, पण उलट्या कामाची — हवा भरायची नाही, ओढायची. खाचेत कोरी चकती सरकवायची, नळीचं टोक सायलेन्सरमध्ये घालायचं, ड्रायव्हरनं आत बसून पाय दाबून धरायचा आणि साहेबानं मागं उभं राहून दांडा ओढायचा. धूर चकतीतून गाळून जातो, काजळी मागं राहते. मग एका पुठ्ठ्यावर नऊ ठिपके छापलेत, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, त्यांच्या शेजारी चकती धरून बघायचं. पाचव्यापर्यंत पास. भिकनची सहाव्याला जुळली होती.

एका ठिपक्यानं.

परराज्याची पाटी घेऊन बारा महिने फिरता येतं. त्यांतले अकरा तिकडच्या कचेरीनं ना-हरकत दाखला द्यायला खाल्ले. आज या, उद्या या, पोलिसांचा शिक्का आणा, शिक्का पुसट आहे, पुन्हा आणा. मुदत उद्या संपत होती. उद्या संध्याकाळपर्यंत इथला नंबर पडला नाही तर गाडी शिवेपलीकडं न्यायची, आणि गाडी गेली की मागोमाग त्यानंही जायचं, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. सातवी शिकलेला माणूस. बाकी सगळं शिक्षण इंजिनाच्या पोटात हात घालून आणि सुट्या भागांना गुंडाळून येणारी वर्तमानपत्रं वाचून झालेलं. सुरतेत खोली अजून होती, मेव्हणा राहत होता तिथं. त्याची बायको सुलाबाई तर एका पायावर तयार होती. ‘तिकडं कुणी विचारत नव्हतं तुम्ही कोण म्हणून,’ ती म्हणायची, ‘मराठी म्हटलं की संपलं.’ ते खरं होतं. पण त्याची म्हातारी आई येणार नव्हती. ‘मला नाय त्या मुलखात मरायचं,’ भिमाबाईनं वर्षापूर्वीच सांगून टाकलं होतं. आणि तिच्या छातीतला खोकला ऐकून भिकन तिच्यासाठीच आला होता. तीस वर्षं वीटभट्टीवर धूर गिळलेली छाती. तिच्या तोंडाशी नळी लावून दांडा ओढा म्हणावं एकदा… किती नंबरचा ठिपका येतो बघा. तिला कुठल्या राज्याचा नंबर देणार?

पण तो विचारही त्यानं फार वेळ धरून ठेवला नाही. म्हातारीच्या खोकल्याचा असा उपयोग करायचा नाही, हे त्यानं मागंच ठरवलं होतं. आणि ठिपक्याबद्दल म्हणावं तर त्यात खोटं काही नव्हतं — इथंच तर सगळं अडत होतं. गाडी धूर सोडत होती. नॉझल झिजलेत, इंजिनाचा डिझेल पंप उतरवून मशिनवर लावायला पाहिजे, आठ दिवसांचं काम. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि निवृत्तीला कळलं असेल तर तेही भिकनमुळंच.

काळा धूर म्हणजे न जळलेलं तेल. तेल जास्त झालं, हवा कमी पडली, की इंजिन काळं ओकतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वस्तीच्या मागं पाण्याच्या टँकरचं एक मेलेलं इंजिन पडलं होतं, त्याच्यावर बसून हे त्यानं निवृत्तीला सांगितलं होतं. निवृत्ती तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, झुंबरमामाचा धाकटा, नाकाचा शेंडा सतत पुसणारा. एकदा सांगितलं की त्याला पुरायचं नाही. ‘भिकनदादा, मग हवा वाढवली तर?’ ‘वाढवता येत नाही, तेल कमी करावं लागतं.’ ‘मग ताकद?’ ‘ताकद पण कमी होते.’ त्यावर तो पोरगा बराच वेळ गप्प बसला होता, इंजिनाच्या गंजलेल्या कडेवरून बोट फिरवत. नंतर भिकन सुरतेला गेला, निवृत्ती शिकत राहिला, आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं — आपला निवृत्ती गाड्या पास करणारा साहेब झाला. मुलाखतीत त्याला विचारलं म्हणे, डिझेलचा धूर काळा का येतो; आणि विहारातल्या सत्काराला त्यानं माईकवर सांगितलं, हे उत्तर मला कॉलेजात नाही, भिकनदादानं दिलं. ते कार्ड भिकननं टेम्पोच्या काचेला आतून चिकटवलं होतं. सुरतेत माल देणाऱ्या शेठनं विचारलं, कोण हा? ‘आमचा माणूस,’ तो म्हणाला होता. आमचा माणूस. तोंडात गूळ ठेवल्यासारखे दोन शब्द.

सकाळी निघताना घरात याच दोन शब्दांवरून झालं. मुदत संपतेय म्हणून काल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या गोरक्षनं फुकटचा सल्ला दिला होता: पंपाचा स्क्रू अर्धा आटा मागं घे, तेल तुटतं, धूर फिका, गाडी पास, संध्याकाळी परत पुढं घे. सगळे तेच करतात. सायखेड्यापासून कळवणपर्यंत एकही डिझेल गाडी नसेल जी पासिंगच्या दिवशी अशी उपाशी उभी राहिली नाही. सुलाबाई म्हणाली, ‘अहो, मग घ्या ना करून. जग करतंय.’

‘मला नाही करायचं.’

‘का? तुमची गाडी काय सोन्याची लागून गेली?’

भिमाबाई चुलीपुढून म्हणाली, ‘करू दे नको करू दे. आपला निवृत्ती हाय ना तिथं? जयभीम घाल म्हणावं, झालं. तो काय आपल्याला मागारी धाडतो व्हय?’

पोरगी दारात बसून पाटीवर मराठी शब्द काढत होती. तिला गुजराती लिहायची सवय, अक्षरांवरची रेघ ती विसरायची. भिकननं जाता जाता वाकून एका शब्दावर रेघ मारून दिली. कुणाचंच त्याला पटलं नव्हतं. निवृत्तीकडं सूट मागायला तो जात नव्हता… त्याला एवढंच वाटत होतं की त्या पोरासमोर खोटी गाडी उभी करायची नाही. ज्याला आपण खरं सांगितलं त्याच्यापुढं स्क्रू फिरवून कसं जायचं? आणि याच्याही आत, अगदी तळाशी, म्हातारीचं वाक्य होतंच. ते नव्हतं असं म्हणणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. तो काय आपल्याला मागारी धाडतो व्हय. स्क्रू न फिरवायची ही सगळी ऐट त्या वाक्याच्या जोरावर होती.

आणि मग त्यानं ती चूक केली.

चूक म्हणावी का तिला? जन्मभर ज्या शब्दानं दार उघडलं, ज्या शब्दावर अनोळखी गावात भाकर मिळाली, तो शब्द तोंडून गेला तर त्याला चूक म्हणायचं? रांगेत त्याचा नंबर पाचवा होता. निवृत्ती मैदानाच्या त्या टोकाला, अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फायली. बाजूला दोन जुने इन्स्पेक्टर चहा घेत उभे, एजंट लोक त्यांच्याभोवती. बारा वर्षांनी दिसत होता तो. नाकाचा शेंडा तोच. भिकनला राहवलं नाही. खाली उतरला आणि वीस पावलांवरून, वस्तीत ह्या टोकाकडून त्या टोकाला घालावा तसा, मोकळ्या गळ्यानं त्यानं घातला — ‘जयभीम, निवृत्ती!’

मैदान गप्प झालं असं काही नाही. गाड्या चालू होत्या, कुणी तरी हॉर्न मारत होतं. पण त्या दोघा चहावाल्या साहेबांच्या माना एकदम वळल्या, आणि त्यातला एक बशीत फुंकर मारत म्हणाला, ‘घ्या. साहेबांचे पाहुणे आले.’ दुसरा हसला. एजंट हसले, कारण साहेब हसला होता. निवृत्तीचा हात उठला होता… भिकननं तो नीट पाहिला. छातीच्या दिशेनं अर्धा उठला, आणि तिथून खिशाच्या पेनाकडं वळला. पेन काढून तो म्हणाला, ‘गाडीचा नंबर सांगा.’

सांगा.

आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरानं भिकनला ‘अहो-जाहो’ केलं, आणि ते शिवीसारखं लागलं.

त्यानंतरचं सगळं नियमानं झालं. इंजिन नंबर, चासी नंबर, दिवे, ब्रेक, हॉर्न. मग नळी. भिकन आत बसून पाय दाबून होता. मागचं काही दिसत नव्हतं, आरशात फक्त एक पांढरी बाही मागं-पुढं होत होती. बराच वेळ होत होती. तेवढ्यानं काही कळलं नव्हतं. कळवलं ते गोरक्षनं.

गोरक्षचं दुकान कचेरीच्या कुंपणाला लागूनच. मूळचा सायखेड्याचा, घरची बागायत भावांवर सोडून पंप-नॉझलच्या धंद्यात पडलेला, तोंडाचा फटकळ, पण मनात ठेवणारा नव्हे. आता तो मांडीवर हात पुसत टेम्पोजवळ आला आणि भिकनच्या तळहातावर वाकून बघायला लागला.

‘वा. छान कुंकू लावलं तुझ्या साहेबानं.’

‘गाडी धूर देतीय.’

‘कोणती देत नाय? तो पुढचा ट्रक बघितला? चुलीवानी धूर. पास झाला.’

‘त्यानं स्क्रू मागं घेतला असंल.’

‘अरे घंटा. माझ्याकडं आलाच नाय तो. तुला एक सांगू का, चिडू नको. इथं दांडा सहा वेळा ओढतात. मी पाच वर्षं बघतोय. सहा म्हणजे सहा, सगळ्यांना. आज सकाळपासनं तुझ्या निवृत्तीनं पण सहाच ओढले. तुझ्या गाडीला दहा. मी मोजले, भाऊ. मी म्हटलं हा चकतीचा धूर काढतो का तुझा.’

भिकननं चकतीचा तळहात छातीजवळ घेतला.

‘सहात तू आरामात पाचव्याला बसला असता. चारलाही बसला असता. नापास गाड्या चार वाजता परत घेतात. आण इकडं, अर्धा आटा मारतो. तुमच्या माणसाचा भरवसा धरून बसला तर सापुताऱ्याला पोचशील.’ आणि तो गेला, जाता जाता टायरवर एक लाथ मारून — गाडी चांगली आहे का बघायला मारतात तशी.

सहा. दहा. तेवढा वेळ भिकनच्या डोक्यात बाकी काही उरलं नाही. धूर तोच, नळी तीच, माणूस तोच… चार वेळा जास्त. डाग चार वेळांचा होता. पहिल्या सहांचा मी, पुढच्या चारांचा तू. मी आत पाय दाबून बसलो होतो, तुझ्यावर भरवसा टाकून, आणि मागं तू मोजत होतास… सात. आठ. काय चाललं असेल तुझ्या मनात आठव्याला? नवव्याला? दहा झाल्यावर बरं वाटलं तुला? हातातली चकती त्यानं खिशातल्या दाखल्यांच्या घडीत ठेवून दिली आणि तो उठला. मारायला उठला होता. खरंच. निदान कॉलर धरायला. ती कॉलर विहाराच्या माईकसमोर उभी होती तेव्हा कुणाचं नाव घेतलं होतं तिनं?

निवृत्ती कचेरीच्या मागच्या नळावर सापडला. जेवणाची सुट्टी झाली होती. तो एकटाच हात धूत होता, साबणाची वडी बोटांत फिरवत. काजळी नखांत बसलेली, निघत नव्हती. भिकनची सावली पाण्यावर पडली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

‘भिकनदादा, पुस्तकात दहाच आहेत,’ तो म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं. कशासाठी आला हे न सांगता माहीत होतं. त्यानं भिकनच्या हातातला अर्धा राग तिथंच गळाला.

‘आणि सहा कुणाच्या पुस्तकात?’

‘माझ्या आधीपासून चालत आलेत.’

‘मग तुझ्या हातानं का चालतात?’

निवृत्तीनं नळ बंद केला. आजूबाजूला पाहिलं — त्या पाहण्याचीच भिकनला कीव आली. ‘सहा महिने झाले मला इथं येऊन, दादा. मी सहा ओढून त्यांची गाडी सोडली की ती सवलत असते. सहा ओढून तुमची सोडली की ती जात असते. तुम्ही तिकडून ओरडलात, त्या दोघांनी चहा खाली ठेवला आणि माझा हात मोजायला लागले. बघितलं नाही तुम्ही. आरशात दिसत नसेल. सहाला थांबलो असतो तर आज संध्याकाळी वरपर्यंत गेलं असतं — आला आणि आपलीच माणसं पास करायला लागला.’

‘मी जयभीम घातला म्हणून?’

‘तसं नाही म्हणत मी.’

‘तसंच म्हणतो आहेस.’

निवृत्ती नळापासून बाजूला झाला. ओले हात त्यानं रुमालाला न पुसता तसेच धरले होते. पाण्याचे थेंब कोपरावरून गळत होते. मग तो एकदम हलक्या, घरच्या आवाजात म्हणाला, ‘दादा… चार वाजता मीच आहे. गोरक्षकडून स्क्रू मागं घेऊन ये. मी दहा ओढीन. सगळ्यांसमोर दहा. आणि गाडी पास होईल. कुणाला तोंड उघडायला जागा नाही राहणार. ना तुझ्याबद्दल, ना माझ्याबद्दल.’

 भिकन वळला आणि चालायला लागला. मागून ‘भिकनदादा’ असं एकदा आलं. तो थांबला नाही.

बॉनेट उघडून तो पंपापुढं उभा राहिला तेव्हा दोन वाजले असतील. पाना हातात होता. गोरक्षला त्यानं लांब ठेवलं होतं — मी करतो म्हणाला. अर्धा आटा. एवढंसं काम. लॉकनट ढिली करायची, स्क्रू मागं, नट परत आवळायची, दहा मिनिटं. मग खोट्या गाडीवर खरे दहा ओढले जातील, पुस्तकाप्रमाणे, अगदी चोख, आणि खरी गाडी मात्र सहावर खोटी पास झाली असती. कुठल्या बाजूनं बघितलं तरी खरं एकटं उभं राहत नव्हतं, त्याला कुठं तरी खोट्याचा टेकू लागत होता. त्या पोराला कळलं होतं हे… इंजिनाच्या गंजलेल्या कडेवरून बोट फिरवत गप्प बसला होता तेव्हाच कळलं असेल. तेल कमी केलं तर धूर जातो. मग ताकद? ताकद पण जाते. सहा महिने तो स्वतःचाच स्क्रू मागं घेऊन त्या मैदानात उभा होता. म्हणून त्याचा हात छातीपर्यंत पोचला नाही. अर्ध्यावर तेल तुटलं.

आणि मी काय करतोय? मी त्याच्यावर चिडलो कारण त्यानं मला सहा दिले नाहीत. म्हणजे मला न्याय नको होता, सहा हवे होते. जे इतरांना मिळतात ते. म्हातारीनं सांगितलं तेच. भिकनला हे पंपापुढं नुसता पाना धरून उभं असताना कळलं, आणि कळलं ते काही सुखाचं नव्हतं. त्याला वाटलं होतं तो निवृत्तीसमोर खरी गाडी घेऊन चाललाय. तो निवृत्तीसमोर खरी गाडी आणि खोटी अपेक्षा घेऊन चालला होता. पण मग ते चहावाले दोघं? त्यांचे मेव्हणे, त्यांचे गाववाले, ‘काय पाव्हणं, बरं हाय का?’ म्हणत रांग सोडून पुढं येणारे — त्यांच्या रामरामानं कुणाची चहाची बशी खाली ठेवली गेली? त्यांचा नमस्कार म्हणजे नमस्कार, आणि आमचा म्हणजे वशिला? हे कुणी लिहिलं? ह्याचं पुस्तक कुठं आहे, आणि त्यात किती वेळा ओढायचं लिहिलंय?

गोरक्ष कुंपणापलीकडून ओरडला, ‘झालं का रे? का नटाशी लगीन लावतो?’

‘झालं,’ भिकन म्हणाला, आणि त्यानं बॉनेट खाली टाकलं. पाना पुसून जागेवर ठेवला. नट जशी होती तशीच होती, तिच्यावरची धूळसुद्धा हलली नव्हती.

चारला रांग लागली. आता त्याच्या पुढं एकच गाडी होती, मोठा ट्रक, वणीच्या बाजूचा. मालक स्वतः आलेला, इस्त्रीचे कपडे, सकाळच्याच चहावाल्या साहेबाच्या खांद्यावर हात ठेवून कुणाच्या तरी लग्नाचं बोलणं चाललेलं. निवृत्तीनं नळीत नवी चकती सरकवली. भिकनकडं त्यानं एकदाच बघितलं — आधी टेम्पोकडं, मग त्याच्याकडं, विचारल्यासारखं. भिकननं मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. तो खाली उतरला आणि ट्रकच्या मागं, निवृत्तीपासून दोन पावलांवर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं पाय दाबला. धूर आला. सकाळच्या त्याच्या धुरापेक्षा काळा, जाड, दोरखंडासारखा.

निवृत्तीनं दांडा ओढला.

‘एक,’ भिकन म्हणाला.

मोठ्यानं नाही. पण ऐकू जाईल असं.

दुसऱ्यांदा ओढताना निवृत्तीची मान ताठ झाली. ‘दोन.’ तीनला लिंबाखालचा एक एजंट उठून उभा राहिला. चारला मालकाचं लग्नाचं बोलणं थांबलं. ‘ए, कोण आहे रे हा?’ चहावाला साहेब म्हणाला. ‘बाजूला हो.’ भिकन झाला नाही. पाच. त्याला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटत होतं. त्यात राग नव्हता. इंजिनावर बसून सांगायचा तसा तो आवाज होता, शिकवणाऱ्याचा, घाई नसलेला. गाडीचं जे व्हायचं ते ठरल्यातच जमा होतं — सगळ्यांना दहा झाले तर त्यालाही दहाच होणार, आणि दहाला त्याचा ठिपका सहावाच येणार. सुलाबाई बोचकी बांधेल. म्हातारी दारात बसून राहील. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी भीती वाटत होती ती ह्याची नव्हती. भीती समोरच्या त्या हाताची होती. त्या हातानं सहाच्या पुढं एकदा आणखी ओढलं तर सकाळचे दहा हा कायदा होता. नाही ओढलं तर ते दहा फक्त माझ्यासाठी होते, माझ्या एका शब्दासाठी. मग गाडी पास झाली काय आणि नापास झाली काय, ह्या मुलखात मी कुठल्याही नंबरावर परकाच.

‘सहा.’

हात थांबला.

ट्रकच्या ड्रायव्हरचा पाय अजून दाबलेलाच होता, त्याला मागचं काही माहीत नव्हतं. धूर निवृत्तीच्या पांढऱ्या शर्टावरून वर चालला होता. त्यानं नळी बाहेर काढली नव्हती. ओढतही नव्हता. दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती, नखांतली काजळी तेवढी काळी. सगळे बघत होते — एजंट, मालक, दोन्ही साहेब, कुंपणावर हनुवटी टेकून गोरक्ष — आणि भिकनला वाटलं, पंधरा वर्षांपूर्वी आपण ह्या पोराला एक गोष्ट अर्धवट सांगितली, ताकद जाते एवढंच सांगितलं, ती परत कशी आणायची हे सांगितलंच नाही, कारण ते आपल्यालाही येत नव्हतं.

‘सहाच्या पुढं काय येतं, निवृत्ती?’ तो म्हणाला. ‘सांग.’